गेडिमिनासने पोपला गुंडाळलं का?

दफ्तरदार

बाल्टिक धर्मयुद्धांवर सध्या मिळेल ते वाचतोय. त्यातला एक प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून इथल्या इतिहासवेड्यांपुढे टाकतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. जेरुसलेमची धर्मयुद्धं ऐकून तरी माहीत असतात. उत्तरेला बाल्टिक समुद्राच्या काठी दुसरी आघाडी होती, आणि पॅलेस्टाइन पुरतं हातचं गेल्यावरही ती शंभर-सव्वाशे वर्षं चालूच राहिली. ट्यूटॉनिक ऑर्डर ही जर्मन सरदार-संन्याशांची संघटना. लग्न करायचं नाही, मठाचे नियम पाळायचे आणि ख्रिस्ती नसलेल्यांशी लढायचं. १२८३ पर्यंत त्यांनी मूळ प्रशियन जमाती पुरत्या मोडल्या. लिव्होनियात, म्हणजे आजच्या लाटव्हिया-एस्टोनियात, त्यांचीच शाखा बसलेली. मधे उरला लिथुआनिया, आपले जुने देव धरून. १३०९ ला ऑर्डरने मुख्यालय व्हेनिसहून मारिएनबुर्गला हलवलं. रोख कुठे होता ते उघड आहे.

१३१६ ला गेडिमिनास लिथुआनियाच्या गादीवर आला. १३२२-२३ मध्ये त्याने लॅटिनमध्ये पत्रं धाडायला सुरुवात केली. पोप जॉन बाविसाव्याला लिहिलं की आमचं भांडण ख्रिस्ती धर्माशी नाही, ऑर्डरच्या अत्याचारांशी आहे, आम्ही बाकीच्या ख्रिस्ती राजांसारखे तुमच्या आज्ञेत राहायला तयार आहोत. ल्यूबेक, रोस्टॉक, स्ट्रालझुंड वगैरे शहरांना लिहिलं की लोहार, चांभार, चाकं करणारे, गिरणीवाले, वैद्य, व्यापारी, कोणीही या; शेतकऱ्याला दहा वर्षं कर माफ. पत्राच्या नकला करून पुढच्या गावी पाठवा आणि चर्चच्या दारांवर लावा, अशीही विनंती. व्हिल्नियसचं, म्हणजे लिथुआनियाच्या आजच्या राजधानीचं, नाव कागदावर पहिल्यांदा येतं ते या पत्रांत.

ऑक्टोबर १३२३ ला लिव्होनियाशी तह झाला, पुढच्या वर्षी पोपने त्यावर शिक्का मारला. मग पोपचे प्रतिनिधी लिव्होनियातल्या रीगाला पोचले, त्यांची माणसं नोव्हेंबर १३२४ मध्ये व्हिल्नियसला गेली, तर हा गृहस्थ म्हणतो, मी बाप्तिस्म्याचं बोललोच नव्हतो!

माझं मत : सगळा बेत पहिल्यापासून ठरलेला होता. त्याला फक्त तह हवा होता. तुम्हाला काय वाटतं?

सातारी_जर्दा

'अटी व शर्ती लागू' हे बारीक अक्षरात लिहायचं राहून गेलं असणार. बसलोय, येऊ द्या.

मुक्ताई

छान विषय दफ्तरदार. पण गोष्ट सत्तर वर्षं आधी सुरू करायला हवी. मिंडाउगासशिवाय गेडिमिनास कळत नाही.

मिंडाउगासने हा प्रयोग खरोखर करून पाहिला होता. पुतणे, सामोगितियाचे (पश्चिम लिथुआनिया) सरदार, ऑर्डर असे सगळे एकदम अंगावर आले तेव्हा त्याने यातल्या सर्वांत बलवान शत्रूला, म्हणजे ऑर्डरलाच फोडलं. १२५१ ला बाप्तिस्मा घेतला, १२५३ ला पोपच्या मान्यतेने मुकुट चढवला. लिथुआनियाचा हा एकमेव अभिषिक्त राजा. ६ जुलैला तिथे अजूनही त्याच्या नावाने राष्ट्रीय सुट्टी असते.

मोबदल्यात त्याने सामोगितियाचे भाग ऑर्डरच्या नावे लिहून दिले. तिथल्या लोकांना हे कोणी विचारलं नव्हतं. ते लढत राहिले आणि १२६० ला डुर्बेच्या लढाईत त्यांनी ऑर्डरचे दीडशेच्या आसपास सरदार कापले, लिव्होनियाच्या मास्टरसकट, म्हणजे तिथल्या शाखाप्रमुखासकट. त्यानंतर मिंडाउगासने ऑर्डरशी संबंध तोडले. १२६३ ला पुतण्या त्रेन्योता आणि दाउमांतास यांनी मिळून त्याला दोन मुलांसह मारलं.

यातून गेडिमिनास काय शिकला असेल? बाप्तिस्मा घेतला तरी ऑर्डर थांबत नाही, आणि घरचे मात्र सुरे काढतात. पोपला लिहिलेल्या पत्रात त्याने मिंडाउगासचा दाखला स्वतःच दिलाय : आमच्या आधीचा राजा सगळ्या राज्यासह ख्रिस्ती झाला होता, ऑर्डरच्या दग्याफटक्यामुळे सगळे परत फिरले.

शेंगदाणा

मुक्ताईताई, दाउमांतासचा पुढचा भाग गाळलात! तो पळून रशियन प्स्कोवला गेला, तिथे बाप्तिस्मा घेतला, त्या शहराचा राजा झाला आणि उरलेलं आयुष्य लिव्होनियाच्या त्याच ऑर्डरशी लढला. ऑर्थोडॉक्स चर्चने त्याला संत केलं. ख्रिस्ती राजाचा खून करून संतपद, याला म्हणतात नशीब.

तिरकस

धागा वाचून गेडिमिनास म्हणजे पत्रलेखनाचा छंद असलेला कोणी सज्जन आजोबा वाटतोय. जरा दुसरी बाजू.

१३२० ला मेदिनिंकाईच्या लढाईत ऑर्डरचा मार्शल हाइनरिश फॉन प्लोत्स्के मारला गेला. त्यांचा एक अधिकारी गेरहार्ड रूडे जिवंत सापडला, तर त्याला चिलखतासकट घोड्यावर बांधून देवांना जाळून अर्पण केलं. बरं, ते झालं सामोगितियात, राजाच्या डोळ्यांसमोर नाही. पण १३२३ चं काय? इकडे चर्चच्या दारांवर पत्रं लागतायत आणि त्याच वर्षी लिथुआनियन फौजा रेव्हालचा (आजचं टालिन) मुलूख लुटतात, मेमेल (आजचं क्लाइपेडा) जाळतात. तह व्हायच्या महिनाभर आधी पोलंडमधल्या डोब्झिनची राखरांगोळी. डोब्झिनवाले ख्रिस्तीच होते, ऑर्डरचे नव्हते. माणसं हाकून नेली गुलाम म्हणून.

'प्रतिकार' हा शब्द वापरताना एवढं लक्षात असावं. शिवाय पूर्वेला हेच लोक रशियन संस्थानं गिळत चालले होते. गेडिमिनास स्वतःला लिथुआनियनांचा आणि बऱ्याच रुथेनियनांचा, म्हणजे त्या पूर्वेकडच्या स्लाव्ह लोकांचा, राजा म्हणवतो, ती बिरुदावली काय दानात मिळाली होती?

दफ्तरदार

तिरकस, मान्य. पण लुटीच्या मोहिमा दोन्हीकडून होत होत्या, ती त्या काळातली लढाईची रोजची रीत. आणि तुमचाच मुद्दा माझ्या बाजूने जातो. एका हाताने मेमेल जाळायचं, दुसऱ्या हाताने तहाची बोलणी करायची. हा धर्माची ओढ लागलेला माणूस वाटतो का?

घाटावरचा

पुरंदरचा तह आठवला. वेळ काढायची, किल्ले द्यायचे, मग...

चिकित्सक

घाटावरचे, प्रत्येक धाग्यावर पुरंदर आणलाच पाहिजे असा काही नियम आहे का इथे? त्यात गेडिमिनासने एकही किल्ला दिला नाही, म्हणजे उदाहरण उलटंच पडतं. 🙂

ऑर्डरच्या बाजूने विचार करून बघा. १२९१ ला अक्रा पडलं, पॅलेस्टाइन संपलं. १३०७ पासून टेंपलर या दुसऱ्या सरदार-संन्याशांची धरपकड, १३१२ ला ती संघटनाच बरखास्त. ट्यूटॉनिकवाल्यांची झोप उडाली असणार. त्यांच्याविरुद्धही पोपकडे तक्रारी गेल्या होत्या, १३१२ मध्ये पोपच्या माणसाने रीगाला येऊन चौकशी केली होती. युरोपभरच्या देणग्या, जमिनी, सवलती हे सगळं 'आम्ही पेगनांशी (जुने देव मानणाऱ्यांशी) लढतो' या एका वाक्यावर उभं होतं. तेव्हा लिथुआनियाच्या राजाने मी ख्रिस्ती होतो म्हणणं ही त्यांच्यासाठी लढाई हरण्यापेक्षा वाईट बातमी.

हे गेडिमिनासने नेमकं हेरलं होतं. पत्रात तो सांगतो की त्याच्या आधीच्या राजाने, व्हितेनिसने, फ्रान्सिस्कन साधू मागवले होते, त्यांच्यासाठी चर्च बांधून ठेवलं होतं, ते ऑर्डरने जाळलं. खरं-खोटं देव जाणे, पण हा आरोप आव्हिन्योंच्या, म्हणजे पोपच्या, दरबारात कसा लागला असेल बघा.

शेंगदाणा

अवांतर नाही पण जोडून सांगतो. रीगाचे नागरिक आणि आर्चबिशप यांचं ऑर्डरशी इतकं वाकडं होतं की १२९८ ला त्यांनी व्हितेनिसशी करार केला आणि लिथुआनियन शिबंदी शहरात आणून बसवली. १३१३ पर्यंत होती. ख्रिस्ती शहर, ख्रिस्ती आर्चबिशप, आणि ख्रिस्ती संन्याशांपासून त्यांचं रक्षण करतायत पेगन शिपाई!

सातारी_जर्दा

हसून हसून पुरेवाट. यावर वेबमालिका काढा रे कुणीतरी.

उपरा_कौनासकर

इथे लिथुआनियातच नोकरीला आहे, म्हणून चार ओळी. व्हिल्नियसच्या कॅथेड्रलसमोर गेडिमिनासचा पुतळा आहे. घोड्यावर बसलेला नाही, घोड्याशेजारी पायउतार उभा. इथले लोक सांगतात, लढणारा राजा बघायचा तर त्याच्याच घराण्यातले व्हिताउतास किंवा केस्टुटिस, गेडिमिनास शहर वसवणारा. पुतळ्याच्या चौथऱ्यात लांडगा आहे. राजाला स्वप्नात टेकडीवर लोखंडी लांडगा ओरडताना दिसला आणि लिझदेइका या पुजाऱ्याने 'इथे नगर वसव' असा अर्थ लावला, ही दंतकथा इथल्या पोराटोरांना पाठ. २०२३ मध्ये शहराचा ७०० वा वाढदिवस झाला, तो लांडग्यापासून नाही, २५ जानेवारी १३२३ च्या पत्रापासून मोजलेला.

एक गोष्ट इथे राहिल्याशिवाय कळत नाही : जमीन. सगळीकडे जंगल, दलदल, नद्या. जड चिलखतातली फौज फक्त दोनदा आत येऊ शकते. कडक हिवाळ्यात, दलदल गोठली की, किंवा भर उन्हाळ्यात, ती वाळली की. ऑर्डरच्या मोहिमा त्याच हिशोबाने ठरायच्या. हिवाळा ऊबदार गेला की मोहीम बारगळली. त्यांनी आत शिरायच्या वाटांची वर्णनं लिहून ठेवलीयत, कुठे पाणी, कुठे चारा, कुठे पूल बांधावा लागेल, मुक्काम कुठे; शंभराच्या आसपास वाटा. लिहून देणारे बहुतेक स्थानिक वाटाडेच.

मिरजेची_मैना

उपरा, तुम्ही तिथलं आणखी लिहा ना. वेगळा धागा काढा.

आणि कृपा करून कोणी 'लिथुआनियन आणि संस्कृत' सुरू करू नका, त्याचे तीन धागे आधीच आहेत आणि तिन्हींवर भांडणं.

रंकाळा

संस्कृत नको तर कोल्हापूर आणतो. 😀 दुसऱ्या महायुद्धात आमच्याकडे वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८, पाचेक हजार लोक. बहुतेक पूर्व पोलंडमधून सोव्हिएतांनी सायबेरियात नेलेले आणि तिथून सुटून आलेले. त्या पूर्व पोलंडचा मोठा भाग म्हणजे गेडिमिनासच्या घराण्याने जमवलेलं राज्य. नकाशा बघताना आत्ता लक्षात आलं.

मुक्ताई

रंकाळा, हे आवडलं. पोलंडचा विषय निघालाच आहे तर सोयरिकी सांगते, कारण मला पत्रांपेक्षा याच जास्त महत्त्वाच्या वाटतात.

१३२५ मध्ये मुलगी आल्दोना पोलंडच्या राजपुत्राला, काझिमिएशला दिली. तिचा बाप्तिस्मा झाला, नाव आन्ना. हुंड्याऐवजी पोलिश कैदी सोडले म्हणतात. इतिवृत्तातला आकडा २४,००० आहे, त्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. डोब्झिन जाळून जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि व्याही कोण, तर त्याच पोलंडचा राजा व्वोकिएतेक. कारण सरळ, दोघांचा शत्रू एक. १३२६ ला दोघांच्या फौजा मिळून ब्रांडेनबुर्गवर गेल्या, लिथुआनियाचे १,२०० स्वार होते.

दुसरी मुलगी मॉस्कोच्या सिमेओनला, ती ऑर्थोडॉक्स झाली. आणखी एक गालिच-व्होलिनला (आजच्या युक्रेनच्या बाजूचं संस्थान). मुलांपैकी नारिमांतास नोव्हगोरोडला गेला, ग्लेब झाला. ल्युबार्तास व्होलिनला, द्मित्री झाला.

सातारी_जर्दा

म्हणजे घरात सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला, बाप तेवढा राहिला.

तिरकस

हा धाग्यावरचा पहिला कामाचा प्रतिसाद आहे. :) खरंच, जिथे सौदा पटला तिथे त्याने मुलांना निःशंक ख्रिस्ती होऊ दिलं. मग स्वतःच का अडला? दफ्तरदार म्हणतात पहिल्यापासून घ्यायचाच नव्हता. मला ते पटत नाही.

आडवाटेचा_वाटाडा

उशिरा आलो, पण मूळ प्रश्नावर कोणीच नीट आलेलं नाही. १३२४ च्या त्या भेटीचा अहवाल उपलब्ध आहे. पोपच्या प्रतिनिधींच्या माणसांनीच लिहिलेला, म्हणजे राजाच्या बाजूचा नाही. तो वाचला की 'गुंडाळलं' हे उत्तर फार सोपं वाटायला लागतं.

राजाने पहिल्याच बैठकीत विचारलं, माझ्या पत्रात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे का? दूत म्हणाले, तुम्हाला ख्रिस्ती व्हायचंय असं लिहिलंय. त्यावर तो म्हणाला, असं लिहायला मी सांगितलं नव्हतं. ब्रदर बेर्टोल्डने लिहिलं असेल तर ते त्याच्या माथी. माझ्या मनात असं कधी आलं असेल, तर मला सैतानाने बाप्तिस्मा द्यावा! पोप वडीलधारे म्हणून त्यांना मी बापाच्या जागी मानतो, ते मी मानेनच. ख्रिस्ती आपल्या रीतीने देवाला भजोत, रशियन त्यांच्या, पोल त्यांच्या, आम्ही आमच्या. देव सगळ्यांचा एकच.

मग चौकशी झाली की नेमकं लिहिलं कोणी. बेर्टोल्ड हा फ्रान्सिस्कन साधू, राजाचा लेखनिक. तो म्हणाला, राजाच्या तोंडून ऐकलं तेच मी लिहिलं : तो आज्ञाधारक पुत्र होईल आणि पवित्र मातृचर्चच्या कुशीत येईल. राजा म्हणतो, बघा, यात बाप्तिस्मा कुठे आहे? तेव्हा ब्रदर निकोलसने तोंडावर सांगितलं की याचा अर्थ बाप्तिस्मा सोडून दुसरा काही होतच नाही.

आता तो भाग जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच अहवालात आहे की ऑर्डरने सामोगितियाच्या बड्या सरदारांना वस्त्रं आणि चांदी चारली होती. त्यांनी राजाला कळवलं, तू हा धर्म घेतलास तर तुला आणि तुझ्या मुलांना हाकलून तरी देऊ नाहीतर संपवू. रशियन प्रजेकडूनही अशीच कुरबुर. आणि राणीकडच्या एका बाईने दूतांना चोरून सांगितलं की राजा रात्रभर आपल्या खोलीत रडत होता.

मिरजेची_मैना

बाप रे. हे आधी का नाही टाकलंत?

चिकित्सक

म्हणजे पेगन सरदारांना 'पेगन राहा' म्हणून पैसे चारले ते ख्रिस्ती ऑर्डरने. धंदा चालू राहिला पाहिजे.

दफ्तरदार

वाटाडे, अहवाल मीही वाचलाय. रडण्याची गोष्ट मुद्दाम लिहिली नाही, कारण ती तिसऱ्या तोंडची. राणीकडची बाई एका साधूला सांगते, साधू दूतांना, दूत लिहून ठेवतात. उलट असंही म्हणता येईल की राजानेच ती बाई पाठवली. 'माझी फार इच्छा होती हो, पण काय करू' हा निरोप पोपपर्यंत पोचवण्याचा याहून चांगला मार्ग कोणता? आणि त्याचा उपयोगही झाला. दूत चिडून परतले नाहीत, तह मोडला नाही.

१३२३ च्या पत्रातलं त्याचं वाक्य आठवा : लोखंडाचं मेण होईल, पाण्याचं पोलाद होईल, पण आमच्या तोंडून निघालेला शब्द मागे जाणार नाही. इतक्या जोरात शपथ घेणारा माणूस वर्षभरात लेखनिकावर ढकलतो.

आडवाटेचा_वाटाडा

दफ्तरदार, तुमचा राजा जरा जास्तच हुशार आहे. प्रत्येक अपयशाला 'हाच बेत होता' म्हणता येतं, मग त्याला कधी अडचण आलीच नाही म्हणायची. त्याने व्हिल्नियसला आणि नोवोग्रुदोकला फ्रान्सिस्कनांसाठी चर्च बांधली, साधू पदरी ठेवले. पाणी किती खोल आहे ते तो चाचपून पाहत होता. पाय टाकला तर घरातच बंड होईल हे दिसल्यावर मागे घेतला. मिंडाउगासचं काय झालं ते मुक्ताईंनी वर लिहिलंय, तसंच.

मुक्ताई

मी वाटाडे यांच्याशी सहमत. आणि समजा घेतला असता बाप्तिस्मा, तर? नातू योगाइलाने १३८६ ला क्राकुफला घेतला, पुढच्या वर्षी लिथुआनियाचाही झाला. ऑर्डर म्हणाली, हा खोटा बाप्तिस्मा, आणि मोहिमा चालूच. १३९० ला व्हिल्नियसच्या वेढ्यात इंग्लंडचा भावी राजा चौथा हेन्री होता, ख्रिस्ती शहरावर धर्मयुद्ध करायला आलेला! १४१० ला ग्रुनवाल्डला ऑर्डरचं कंबरडं मोडलं तेव्हा कुठे उतार पडला.

तिरकस

चला, निदान 'गुंडाळलं' हे एकमताने नाही हे झालं. माझं मत वेगळंच. १३२४ ला त्याच्या मनात काय होतं यापेक्षा पदरात काय पडलं ते बघा. दफ्तरदारांना चार वर्षांचा तह फार मोठा वाटतो. तो होता पोपच्या जिवावर आणि ती मुदत १३२८ ला सरली. १३२९ च्या हिवाळ्यात बोहेमियाचा राजा योहान ऑर्डरबरोबर सामोगितियात घुसला, मेदव्हेगालिसचा किल्ला घेतला. इतिवृत्तकार म्हणतात सहा हजार लोकांना बाप्तिस्मा दिला. फौज वळताच ते सगळे आपल्या देवांकडे परत. १३३० ला रीगा ऑर्डरला शरण गेलं, म्हणजे गेडिमिनासचा व्यापाराचा दरवाजा शत्रूच्या ताब्यात. १३३६ ला पिलेनाईचा किल्ला : वेढ्यातल्या लोकांनी मालमत्ता जाळली आणि एकमेकांना मारून घेतलं, हाती लागू नये म्हणून.

दफ्तरदार

तिरकस, यादी बरोबर आहे, फक्त १३३८ गाळलंत. त्या वर्षी त्याच लिव्होनियन ऑर्डरने गेडिमिनासशी व्यापाराचा करार केला. लढाई चालू असतानाही व्यापाऱ्यांच्या वाटेला हात लावायचा नाही, असा. ऑर्डरच्या मास्टरने पेगन राजाबरोबर शपथ घेतली, एकाने क्रूसावर आणि दुसऱ्याने आपल्या रीतीने. यात कोणी कोणाला बाप्तिस्म्याचं विचारलं नाही.

सातारी_जर्दा

गिऱ्हाईकाला जात-धर्म विचारत नाहीत, हे ऑर्डरला कळायला शंभर वर्षं लागली तर.

मिरजेची_मैना

पिलेनाईवर कोणी सविस्तर लिहील का? आणि आल्दोनाचं पुढे काय झालं?

मुक्ताई

पिलेनाईवर मी लिहिते, पण रविवारनंतर. आल्दोना राणी झाली १३३३ ला, १३३९ ला वारली. कुठेही निघाली की पुढे ढोल-वाद्यं वाजवत माणसं चालायची आणि तिकडच्या पाद्र्यांना ते मुळीच खपायचं नाही.